पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट : वाचकांचे प्रश्न

दात व हिरड्यांविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे इम्प्लांटसंबंधीची पत्रे बरीच असतात. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात उभारण्याच्या या उपचाराबद्दल वाचकांच्या मनात आशा आणि धास्ती दोन्ही दिसतात. सारखेच प्रश्न एकत्र करून त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. खालच्या जबड्यातील डावीकडची मोठी दाढ चार वर्षांपूर्वी काढावी लागली. एक डॉक्टर ब्रिज बसवा म्हणतात, दुसरे इम्प्लांटचा आग्रह धरतात. शिवाय जागा तशीच रिकामी ठेवली तर नेमके काय बिघडते, हेही मला कळलेले नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण बाकीचा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी ही पहिली मोठी दाढ चावण्याचा फार मोठा भार उचलते. ती गेल्यावर मागची दाढ हळूहळू पुढे कलू लागते, वरच्या जबड्यातील समोरची दाढ आधार न उरल्यामुळे खाली उतरते, आणि कललेल्या दातांच्या फटींत अन्न अडकून तेथे कीड लागते. हे सगळ्यांच्याच तोंडात सारख्या वेगाने होत नाही. काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे फारसा फरक पडत नाही. म्हणून चार वर्षांत आपल्या तोंडात काय काय सरकले आहे, हे आधी तपासून घ्यावे. वरची दाढ फार खाली आली असेल, तर खाली कोणताही दात बसवण्यापुरती उंचीच उरत नाही आणि प्रथम त्या दाढेचा विचार करावा लागतो.

ब्रिजमध्ये रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात तासून त्यांवर टोप्या बसवतात आणि मधला कृत्रिम दात त्या दोन टोप्यांना जोडलेला असतो. काम दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते आणि शस्त्रक्रिया लागत नाही. मात्र तासलेला दात पुन्हा पूर्ववत होत नाही. टोपीच्या कडेखाली कीड शिरली, तर आज धडधाकट असलेल्या दातावर उद्या रूट कॅनल करण्याची वेळ येऊ शकते. आपल्या पत्रावरून शेजारचे दोन्ही दात निरोगी दिसतात. तसे असल्यास ते तासू नयेत आणि हाड पुरेसे असेल तर इम्प्लांट करावे, असे माझे मत आहे. याउलट त्या दोन्ही दातांवर आधीच मोठी सिमेंट भरलेली असतील किंवा टोप्या बसवायच्याच असतील, तर ब्रिज हाच सरळ मार्ग ठरतो. दोन डॉक्टरांची मते वेगळी पडली म्हणजे त्यांतले एक चुकीचेच असते, असे मानण्याचे कारण नाही. दोघांनाही ‘माझ्या शेजारच्या दातांची स्थिती काय आहे?’ हा एकच प्रश्न विचारावा.

इम्प्लांट हाडात टिकते कसे, हे थोडक्यात सांगते. स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडातील रक्तपुरवठ्याचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणे प्रयोग संपल्यावर काढता येईनात, कारण हाड त्या धातूला घट्ट जुळून वाढले होते. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो, शरीर त्याला परके मानून दूर लोटत नाही आणि हाडाच्या पेशी थेट त्याला लागून वाढतात. १९६५ मध्ये योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात अशी पहिली इम्प्लांट बसवली गेली, आणि ती २००६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, काम देत राहिली. हाड असे जुळून येण्यास वेळ लागतो, म्हणूनच हा उपचार महिने घेतो. स्क्रू बसवल्यानंतर खालच्या जबड्यात साधारण दोन-तीन महिने आणि वरच्या जबड्यात हाड मऊ असल्यामुळे त्याहून अधिक काळ थांबतात, मग त्यावर अ‍ॅबटमेंट नावाचा जोडभाग बसवतात आणि शेवटी त्यावर दात चढवतात.

आपल्या बाबतीत एक अडचण संभवते. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षातच त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी घटते, आणि त्यातील बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. चार वर्षांनंतर किती हाड शिल्लक आहे, हे साध्या एक्स-रेवरून पुरते कळत नाही, कारण त्यात उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारा एक्स-रे, करून घ्यावा. खालच्या जबड्यातून ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी नस जाते, आणि तिच्यापासून किमान दोन मिलिमीटर अंतर राखावे लागते. हे मोजल्याशिवाय खालच्या दाढेच्या जागी स्क्रू बसवू देऊ नये, कारण त्या नसेला इजा झाली तर ओठ कायमचा बधिर राहू शकतो.

प्रश्न : वय ६२. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. तंबाखूची सवय आहे, पण धूम्रपान करत नाही. मधुमेह असल्यामुळे इम्प्लांट होणारच नाही, असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : केवळ मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट नाकारणे योग्य नाही. साखर आटोक्यात असलेल्या रुग्णांत इम्प्लांट मधुमेह नसलेल्यांइतकेच चांगले जुळते. आपला एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणाऱ्या रक्तचाचणीचा आकडा, किती आहे, हे पाहावे लागेल. तो ७ च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर पुढे जाण्यास हरकत नसते. ८ च्या वर असेल तर उपचार काही महिने पुढे ढकलून आधी साखर आटोक्यात आणावी. साखर वाढलेली असताना जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्या बिघडल्या की साखरही आटोक्यात राहत नाही.

मला अधिक काळजी तंबाखूची वाटते. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट अपयशी होण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळते. आपण धूम्रपान करत नाही हे चांगलेच आहे. पण तंबाखू ज्या ठिकाणी दाबून ठेवली जाते तेथील हिरडी खाली सरकते, आणि इम्प्लांटभोवती हिरडीचा घट्ट पट्टा नसेल तर ते स्वच्छ ठेवणे अवघड होते. मशेरीचेही तसेच आहे. ग्रामीण भागातील अनेक स्त्रिया मशेरीला दात घासण्याची पूड समजतात, पण तिच्यात भाजलेली तंबाखू असते. तंबाखूबरोबर सुपारी किंवा गुटखाही खात असाल तर आणखी एक तपासणी आवश्यक आहे. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठ होऊन तोंड उघडणे कमी होत जाते. तोंड पुरेसे उघडत नसेल, तर मागच्या दाढांच्या जागी उपकरणे पोहोचतच नाहीत. तोंडात आपली स्वतःची तीन बोटे उभी शिरतात का, हे आजच पाहावे. शिरत नसतील तर दाताचा विचार नंतर, प्रथम मुखरोगतज्ज्ञांकडे जावे. तिखट लागल्यास तोंड भाजत असेल, किंवा पांढरा अथवा लाल चट्टा दिसत असेल, तर एक दिवसही थांबू नये. तंबाखू सोडण्याच्या मदतीसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७८ आहे. वरची कवळी नीट बसते, पण खालची सारखी निसटते. तिने भाकरी खाणे सोडले आहे, चारचौघांत जेवायला बसत नाही. या वयात इम्प्लांट करणे क्रूरपणाचे होईल का? तिला हाडे ठिसूळ झाल्यामुळे वर्षातून एक इंजेक्शन दिले जाते. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : क्रूरपणा अजिबात नाही. उलट, इम्प्लांटने आयुष्यात सर्वांत मोठा फरक ज्यांच्या पडतो, त्यांत आपल्या आईंसारख्या रुग्णांचा क्रम मी फार वर लावते. वरची कवळी टाळूच्या रुंद पृष्ठभागावर चिकटून राहते. खालच्या कवळीला मात्र घोड्याच्या नालेच्या आकाराची अरुंद पट्टी तेवढी मिळते, जीभ तिला सतत उचलत असते आणि खालचे हाड वर्षागणिक झिजत जाते. कवळी कितीही निगुतीने केली, तरी नैसर्गिक दातांच्या मानाने चावण्याची ताकद जेमतेम पाव भरते.

त्यांच्यासाठी सबंध जबडाभर इम्प्लांट बसवण्याची गरज नाही. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला, साधारण सुळ्यांच्या जागी, दोन इम्प्लांट बसवून त्यांवर दाबबटणासारखी जोडणी करतात, आणि कवळी त्यांवर घट्ट बसते. २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालचे सर्व दात गेलेल्या रुग्णांसाठी हाच उपचार पहिल्या पसंतीचा मानावा, अशी शिफारस केली होती. पुढच्या भागातील हाड वृद्धापकाळातही बहुधा पुरेसे असते आणि ओठाला संवेदना देणारी नस तेथून मागे राहते, त्यामुळे शस्त्रक्रिया छोटी असते आणि जागेवर भूल देऊन होते. कवळी रात्री काढून ठेवावी लागते, धुवावी लागते आणि बटणांतील नायलॉनच्या टोप्या झिजल्या की बदलाव्या लागतात. त्यासाठी वर्षातून एकदा तरी दवाखान्यात नेण्याची सोय आधीच ठरवावी.

आता इंजेक्शनबद्दल. वर्षातून एकदा दिले जाणारे औषध बहुधा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड असावे. हाडांची झीज रोखणाऱ्या या प्रकारच्या औषधांमुळे जबड्यातील जखम भरून न येता हाडाचा तुकडा मृत होण्याचा धोका असतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेत तो अल्प असतो, कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत मात्र बराच अधिक. त्यामुळे इंजेक्शन कोणते, पहिले केव्हा घेतले आणि शेवटचे केव्हा, हे चिठ्ठीसह दंतवैद्यांना दाखवावे, आणि त्यांनी व हाडांच्या डॉक्टरांनी परस्परांशी बोलून वेळ ठरवावी. औषध आपल्या मनाने बंद करू नये. दर सहा महिन्यांनी घेण्याचे डेनोसुमाब हे इंजेक्शन असेल तर मुळीच नाही, कारण ते चुकल्यास मणक्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबतही हाच नियम पाळावा.

प्रश्न : ‘तीन दिवसांत पक्के दात’ अशी जाहिरात वाचली. माझे आठ-नऊ दात हलतात. तेथे सर्व दात काढून एकदम नवे बसवू, असे सांगितले. करावे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सही करण्यापूर्वी थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इम्प्लांट बसवल्याबरोबर किंवा काही दिवसांत त्यावर दात चढवणे शास्त्रात बसते. स्क्रू हाडात पुरेसा आवळून बसला असेल आणि अनेक इम्प्लांट एकमेकांना ताठ जोडलेली असतील, तर निवडक रुग्णांत हा उपचार चांगला यशस्वी होतो. माझा आक्षेप घाईला आहे, आणि त्याहूनही अधिक, वाचण्याजोगे दात सरसकट काढण्याला आहे.

दात हलतात याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे हिरड्यांचा जुना आजार. मुळांवर साचलेले कीटण खोलवर स्वच्छ केले, हिरडीखालची सूज उतरली आणि रुग्णाने रोजची स्वच्छता मनावर घेतली, तर हलणाऱ्या दातांपैकी काही निश्चित घट्ट होतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. काही काढावेही लागतील. पण कोणते काढायचे आणि कोणते राखायचे, हा निर्णय उपचारानंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घेण्याचा आहे. आणखी एक गोष्ट अशी की, ज्या जंतूंनी आणि ज्या सवयींनी आपल्या दातांभोवतीचे हाड खाल्ले, तेच जंतू आणि त्याच सवयी इम्प्लांटभोवतीचे हाडही खातात. हिरड्यांच्या आजाराने दात गमावलेल्यांत इम्प्लांटभोवतीचा संसर्ग अधिक आढळतो. म्हणजे मूळ आजारावर उपचार न करता दात काढून टाकले, तर आजार आपल्यापाशीच राहतो आणि दात तेवढे जातात. हिरड्यांच्या तज्ज्ञांचे, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टचे, स्वतंत्र मत घ्यावे. दुसरे मत घेण्यास जो दवाखाना हरकत घेतो, तेथे उपचार करू नयेत.

प्रश्न : कबड्डी खेळताना माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीचा वरचा पुढचा दात तुटून पडला. तिचे इम्प्लांट लगेच करता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आत्ता करू नये. वाढत्या वयात जबड्याबरोबर नैसर्गिक दातही खाली सरकत असतात. इम्प्लांट हाडाला जखडलेले असल्यामुळे जागचे हलत नाही. परिणामी काही वर्षांनी तो दात शेजारच्या दातांपेक्षा आखूड आणि आत गेलेला दिसतो, आणि पुढच्या दातात ही उणीव झाकता येत नाही. मुलींची वाढ बहुधा सतरा-अठराव्या वर्षापर्यंत आणि मुलांची त्याहून काहीशी उशिरा थांबते, आणि ती थांबल्याची खात्री एक्स-रे पाहूनच करतात. तोपर्यंत शेजारच्या दाताला मागून एका पंखाने चिकटवलेला दात बसवता येतो. त्यासाठी दात जवळजवळ तासावा लागत नाही, आणि तो कित्येक वर्षे टिकतो. शाळकरी वयात हसताना तोंडावर हात धरण्याची वेळ मुलीवर येऊ नये, म्हणून हे काम लांबवू नये.

सर्व पालकांसाठी येथे एक सूचना करते. मार लागून पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर तो पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, घासू नये. माती लागली असल्यास थंड दुधाने किंवा पाण्याने क्षणभर धुवून त्याच खाचेत परत बसवावा. ते जमत नसेल तर दुधात ठेवून अर्ध्या ते एक तासाच्या आत दंतवैद्यांकडे पोहोचावे. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

प्रश्न : सर्वांत मागची दुसरी दाढ काढली आहे. तिच्या जागी इम्प्लांट करणे आवश्यकच आहे का? आणि इम्प्लांट असताना एमआरआय करता येतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बाकीचे दात वर-खाली समोरासमोर नीट असतील, तर बहुधा आवश्यक नाही. नेदरलँड्समधील दंतसंशोधक काइझर यांच्या अभ्यासांतून असे दिसले की, मागच्या काही दाढा नसल्या तरी पुरेशा जोड्या शिल्लक असलेले लोक समाधानाने जेवतात. टायटॅनियम चुंबकाकडे ओढले जात नाही, त्यामुळे एमआरआय करता येतो. चित्रात त्या भागापुरती अस्पष्टता येऊ शकते, म्हणून तंत्रज्ञांना आधी सांगावे. कवळीला लोहचुंबकाची जोडणी असेल तर ते अवश्य सांगावे.

प्रश्न : खर्च किती येतो आणि विमा मिळतो का? (अनेक वाचक)

उत्तर : आपल्याकडील शहरांत एका दाताच्या इम्प्लांटला दातासह साधारण २५ हजारांपासून ५०-६० हजार रुपयांपर्यंत खर्च येतो, हाड भरावे लागल्यास तो वाढतो. आकडा ऐकताना त्यात स्क्रू, जोडभाग, दात आणि स्कॅन या चारही गोष्टी धरल्या आहेत का, हे विचारावे, कारण कमी दिसणारा आकडा पुष्कळदा एकट्या स्क्रूचा असतो. आरोग्य विम्यात दातांचे उपचार, अपघाताचा अपवाद सोडल्यास, सहसा धरलेले नसतात. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे खर्च खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. इम्प्लांटची सोय व साहित्याचा खर्च यांची तेथे आधी चौकशी करावी. पैशांची ओढाताण असेल तर काढता-घालता येणारा चांगला अर्धवट कवळीचा संच हाही सन्मानाचा उपाय आहे. कर्ज काढून इम्प्लांट करावे, असे मी कोणालाही सांगणार नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. सहा वर्षांपूर्वी पुण्यात सुट्टीवर असताना एक इम्प्लांट करून घेतले. आता तेथून घासताना रक्त येते, दुखत मात्र नाही. येथील डॉक्टर कोणत्या कंपनीचे इम्प्लांट आहे विचारतात, आणि माझ्याकडे कोणताही कागद नाही. (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : दुखत नाही म्हणून थांबू नये. इम्प्लांटभोवतीचे हाड बहुतेक वेळा न दुखताच झिजते, आणि रक्त येणे ही त्याची पहिली खूण असते. सूज केवळ हिरडीपुरती असेल तर व्यावसायिक स्वच्छतेने आणि रोजच्या काळजीने ती पूर्ण बरी होते. हाड झिजू लागले असेल तर हिरडी उघडून स्क्रूचा पृष्ठभाग स्वच्छ करावा लागतो, आणि गेलेले हाड पूर्णपणे परत येईल याची खात्री देता येत नाही. म्हणून याच आठवड्यात एक्स-रे काढून घ्यावा आणि दात चढवला तेव्हाच्या एक्स-रेशी ताडून पाहावा. दात चिकटवताना हिरडीखाली राहिलेले थोडेसे सिमेंटही असा दाह निर्माण करते, त्याचीही शक्यता तपासण्यास सांगावे. इम्प्लांटभोवती फिरवण्यासाठी प्लॅस्टिकचे वेष्टण असलेल्या तारेचा, फटींत जाणारा छोटा ब्रश वापरावा; नेहमीचा ब्रश तेथपर्यंत पोहोचत नाही.

कागदाविषयी असे, की प्रत्येक इम्प्लांटच्या वेष्टणावर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते आणि तिची एक प्रत रुग्णाच्या नोंदीत लावलेली असते. पुण्यातील दवाखान्याकडे ती ई-मेलने मागावी. जुना एक्स-रेही मागावा. जोडभागाचा स्क्रू सैल झाला तर तो आवळणारे हत्यार प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, म्हणून आपले डॉक्टर ही माहिती विचारत आहेत. नोंद सापडली नाही, तर एक्स-रेतील आकारावरून अनुभवी तज्ज्ञ बहुधा कंपनी ओळखू शकतात. सुट्टीत भारतात येऊन इम्प्लांट करू इच्छिणाऱ्या सर्वांना माझे सांगणे आहे की, तीन आठवड्यांत सारे उरकण्याचा हट्ट धरू नये. एका भेटीत स्क्रू आणि पुढच्या भेटीत दात अशी आखणी करावी, मधल्या काळात दाखवता येईल असे डॉक्टर परदेशात आधी पाहून ठेवावेत, आणि विमानात बसण्यापूर्वी त्या चिकटपट्टीचे छायाचित्र आपल्या फोनमध्ये घ्यावे.